बांबूच्या बनातला साकव पाहायला जाताना : निघण्यापासून परतण्यापर्यंत

ठाणेकरांना जंगल फार जवळ आहे, आणि चुका तिथूनच सुरू होतात. उपवन तलावापासून येऊरचा चढ लागायला रिक्षेला काही मिनिटं पुरतात. त्यामुळे लोक बागेत निघावं तसे निघतात : पायात चपला, हातात चिप्सची पाकिटं, बरोबर दहा-बारा जण आणि तेही दुपारचं जेवण उरकून. बांबूच्या बनात ओढ्यावर एखादा साकव दिसला की सगळे एकदमच त्यावर चढतात, कारण फोटो सगळ्यांचा एकत्र हवा असतो.

साकव म्हणजे ओढ्यावरचा पायी जाण्यापुरता पूल. कुठे तो नुसत्या तीन-चार बांबूंचा असतो, कुठे लाकडी वाशांचा, कुठे लोखंडी, कुठे सिमेंटचा. मी इथे मुख्यतः बांबू-लाकडाच्या साकवाबद्दल लिहिते आहे. कोणत्या जागी जावं याची यादी देत नाही. बांबूचे साकव पावसाळ्यानंतर बांधले जातात आणि पुढच्या पुरात जातातही, त्यामुळे गेल्या वर्षीच्या फोटोवर विसंबून निघण्यात अर्थ नाही. जागा कोणतीही असो, तयारी आणि क्रम तोच राहतो.

एक गोष्ट सगळ्यात आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे : जो ओढा ओलांडून जाल तोच ओलांडून परत यायचं आहे. जावं की नाही हे अलीकडच्या काठावर उभं राहून ठरवायचं. साकवाच्या मध्यावर पोचल्यावर ठरवायला काही उरत नाही.

टप्पा १ : दिवस आणि वेळ ठरवणं

सगळ्यात चांगला काळ ऑक्टोबरच्या अखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा. ओढ्यांना थोडंफार पाणी असतं, वाट सुकलेली असते, साकव बहुधा नुकताच बांधलेला किंवा डागडुजी केलेला असतो. मार्चनंतर बांबूची पानं गळतात. वाळक्या पानांचा थर पायाखाली तेलासारखा सरकतो आणि वणव्याची भीती असते. त्या दिवसांत जंगलात काडी, विडी, चूल काहीही नको, अगदी ‘विझवून टाकू’ म्हणूनसुद्धा नको.

पावसाळ्याबद्दल माझं मत कडक आहे. ठाण्यात वर्षाकाठी साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलै-ऑगस्टमध्ये साकव ओलांडायला जाऊच नये, लांबून पाहून परतावं. जिल्हा प्रशासन या काळात धबधबे, ओढे, तलाव यांच्या परिसरात बंदीचे आदेश काढतं. खारघरच्या पांडवकड्यासारख्या ठिकाणी तर पावसाळ्यात जायला मनाईच असते. हे आदेश वर्तमानपत्रात येतात. ते वाचून मगच बेत ठरवावा.

तपासा : आदल्या रात्री आणि निघायच्या सकाळी, असं दोनदा हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज पाहा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत रद्द. यलो असेल तर बनापर्यंत जा, साकवाच्या पलीकडे नाही.

वेळ सकाळचीच. उजाडताना घर सोडावं, आठच्या सुमारास साकवापाशी असावं आणि अकरापर्यंत बनाबाहेर यावं. बांबूच्या बेटांखाली अंधार लवकर पडतो. रस्त्यावर लख्ख संध्याकाळ असते तेव्हा आत पायाखालचा दगड दिसेनासा झालेला असतो. शिवाय येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात बिबट्यांची वस्ती जगातल्या सर्वांत दाट वस्त्यांमध्ये मोजली जाते. तिन्हीसांजेनंतरचं जंगल त्यांचं, हे पाड्यांवरचे लोक पाळतात. आपणही पाळावं.

रविवार शक्यतो टाळा. रविवारी साकवावर तुम्ही एकटे नसता, आणि अनोळखी लोकांना ‘एकेक जण या’ म्हणून सांगणं फार कठीण जातं.

टप्पा २ : परवानगी आणि वाट

राखीव जंगलात आणि अभयारण्यात जाताना चेकनाक्यावरूनच जायचं. जे शुल्क, जी नोंद असेल ती करायची आणि साकवाकडची वाट आज खुली आहे का, हे तिथल्या वनरक्षकाला विचारायचं. ‘मागच्या बाजूने एक वाट आहे’ असं सांगणारा मित्र प्रत्येक गटात एक तरी असतो. त्याचं ऐकू नका. परवानगी नसलेल्या वाटेवर अपघात झाला तर तुम्ही आत आहात हे कुणाला माहीतही नसतं.

येऊरला जाणाऱ्यांसाठी आणखी एक. वर हवाई दलाचा तळ आहे. त्याच्या आसपास फोटो, ड्रोन काहीही चालत नाही. रस्त्यावरच्या पाट्या वाचत चला.

पाड्यावरचा माणूस वाटाड्या म्हणून मिळाला तर अवश्य घ्या, आणि त्याचा अर्ध्या दिवसाचा मोबदला आधी ठरवून द्या. नुसता चहा पाजून भागवू नका. साकव कुणी बांधला, कधी बांधला, कोणता बांबू बदलायचा राहिला आहे, हे त्याला ठाऊक असतं. ही माहिती कोणत्याही नकाशात मिळत नाही.

घरी सांगून निघा : कुठे, कोणत्या वाटेने, किती जण, किती वाजेपर्यंत परत. जंगलात फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नका. ‘एक वाजेपर्यंत फोन आला नाही तर चौकशी कर’ असं एका माणसाला स्पष्ट सांगून ठेवा.

गट सहा जणांपेक्षा मोठा नको. आठ झाले की दोन गट पडतातच, एक पुढे जातो, एक फोटो काढत मागे राहतो, आणि साकवापाशी कोण पोचलं, कोण नाही हे कळेनासं होतं.

टप्पा ३ : अंगावर काय, पिशवीत काय

पायातल्या बुटांवर सगळ्यात जास्त विचार करा. गमबूट पावसाला बरे, पण गोल बांबूवर ते घसरतात आणि पायाखाली काय आहे ते तळव्याला कळू देत नाहीत. कोरे बूटही नकोत. वापरून मऊ झालेले, रबरी आणि खाचांच्या तळाचे बूट उत्तम. लेस आत खोचा. साकवावरच्या कामट्यांच्या (चिरलेल्या बांबूच्या पट्ट्यांच्या) फटीत लेस अडकून पडलेली मुलगी मी पाहिली आहे. सुदैवाने ती काठाजवळच होती.

पूर्ण बाह्या, पूर्ण पँट. याचं कारण थंडी-ऊन नाही, खाज आहे. बांबूच्या कोवळ्या कोंबावर आणि त्याच्या टरफलावर बारीक कूस असते, ती हाताला लागली की दिवसभर चुरचुरते. हिवाळ्यात वाटेच्या कडेला खाजकुयलीच्या तपकिरी, मखमली शेंगा लोंबत असतात. नुसता धक्का लागला तरी अंगाची आग होते. लागलीच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग धुवा. चोळल्याने कूस आत जाते.

अत्तर, सेंट, वासाचं तेल लावून जाऊ नका. आग्या मोहोळाच्या माश्या उग्र वासाने आणि धुराने चवताळतात. उंच झाडाला काळं, लांबट पोळं लोंबताना दिसलं तर आवाज न करता लांबून वळसा घाला.

पिशवीत काय हवं, ते असं :

माणशी दोन लिटर पाणी. दशम्या, थालीपीठ असं डब्यात बसणारं खाणं (पाकिटं नकोत, माकडं कागदाचा आवाज ओळखतात). टॉर्च, सकाळी निघालात तरी. काटे काढायला चिमटा, क्रेप बँडेज, जंतुनाशक, ओआरएसच्या दोन पुड्या, चिकटपट्टी. फोनसाठी झिपची पिशवी. पाऊस असेल तर रेनकोट. छत्री आणू नका, तिच्यात एक हात अडकतो आणि वाऱ्याचा झोत आला की तोल जातो. खांद्याएवढी एक काठी असू द्या, पुढे तिची तीन कामं सांगते.

इशारा : कुत्रा बरोबर आणू नका. अभयारण्यात त्याला परवानगी नसते आणि बिबट्याला कुत्रा हे सोपं भक्ष्य वाटतं.

टप्पा ४ : बनातून चालताना

आपल्याकडच्या डोंगरात बांबूच्या दोन जाती ओळखता आल्या तरी पुष्कळ झालं. मानवेल म्हणजे तुलनेने बारीक, जवळजवळ भरीव, बिनकाट्यांचा बांबू. कळक म्हणजे जाड, उंच आणि काटेरी. कळकाच्या खालच्या फांद्या एकमेकींत गुंतून काट्यांचं कुंपण तयार होतं आणि ते बरोबर डोळ्यांच्या उंचीवर असतं. पुढच्याने फांदी हाताने बाजूला करून सोडली की ती मागच्याच्या तोंडावर बसते. म्हणून दोघांत चार-पाच पावलांचं अंतर ठेवा आणि फांदी सोडताना मागच्याला हाक द्या.

आधारासाठी बांबू धरू नका. चढावर हात आपोआप तिकडे जातो, हे मला माहीत आहे. पण उभा दिसणारा बांबू आतून कुजलेला असू शकतो, आणि हात जिथे पडतो त्या पेरावर आणखी कुणी बसलेलं असू शकतं. चापडा हा हिरवा विषारी साप बांबूच्या बेटात, ओढ्याकाठच्या झुडपात, कमरेएवढ्या उंचीवर वेटोळं घालून दिवसभर हलत नाही. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटाड्याने काठीने दाखवूनही मला तो अर्धा मिनिट दिसला नव्हता. पेराच्या गाठीपाशी पान दुमडलंय असं वाटत होतं, मग त्या पानाला डोळा दिसला. तो आपणहून अंगावर येत नाही, हात पडला तर चावतो. काठीचं पहिलं काम हे : हात घालण्याआधी, बसण्याआधी तिने जागा चाचपायची.

वारा सुटला की बेटाखाली थांबू नका. बांबू एकमेकांवर घासून करकरतात. तो आवाज घाबरण्यासारखा नसतो, पण मधेच ‘काड’ असा सुटा आवाज आला तर वाळका बांबू मोडतो आहे असं समजून चालतं व्हा. फुलोरा येऊन गेलेल्या बेटाबाबत जास्त सावध राहा. कळकाला चाळीस-पन्नास वर्षांनी एकदा फुलोरा येतो आणि बी धरल्यावर अख्खं बेट वाळून मरतं. असं पिवळं-राखाडी पडलेलं बेट दिसलं तर त्याच्या सावलीत डबा उघडू नका.

पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीतून वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, वर येतात. बाजारात ते मिळतात, घरी त्यांची भाजी जरूर करा. अभयारण्यातून मात्र एकही उपटायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात ‘एकच घेतला’ याला सूट नाही.

टप्पा ५ : साकवाच्या अलीकडे थांबून पाहणं

हा टप्पा लोक गाळतात. साकव दिसला की पावलं आपोआप भरभर पडायला लागतात. इथे दहा मिनिटं थांबायचं, पिशव्या खाली ठेवायच्या, आणि एकाने तपासणी करायची. बाकीच्यांनी मागे बसायचं, काठावर रांग लावून उभं राहायचं नाही.

आधी पाणी. ते कुठल्या दगडापर्यंत आहे ते पाहा आणि पाण्याच्या रेषेवर काठी रोवा किंवा दगड ठेवा (काठीचं दुसरं काम). दहा मिनिटांनी पुन्हा पाहा. खूण बुडाली असेल तर पाणी चढतं आहे, परत फिरा. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या डोंगरात पाऊस झालेला असू शकतो. पाणी अचानक गढूळ होणं, पानं-काटक्या वाहत येणं, आवाज जड होणं, या तिन्हीपैकी एक जरी दिसलं तरी साकवाचा विचार सोडा. पाण्यातून चालत जाण्याचाही सोडा. गुडघाभर वाहतं पाणी धट्ट्याकट्ट्या माणसाला पाडतं.

मग साकवाची टोकं. मुख्य वासे दोन्ही काठांवर कशावर टेकले आहेत? दगडावर चांगले हातभर आत टेकलेले असावेत. मातीत टेकलेले असतील तर टोकाची माती दाबून पाहा. बांबू मातीला लागतो तिथेच सगळ्यात आधी कुजतो. काहीही प्रक्रिया न केलेला बांबू उघड्यावर, मातीला लागून असेल तर एक ते तीन वर्षं टिकतो. म्हणजे ‘हा पूल कित्येक वर्षं इथे आहे’ हे वाक्य दिलासा देणारं नाही, उलट त्यातला कोणता वासा कधी बदलला ते विचारायला लावणारं आहे.

मग बांबू स्वतः. मडकं घेताना जसं आपण टिचकी मारून ऐकतो, तसं काठीने मुख्य वाशांवर जागोजागी वाजवा. ठणठणीत आवाज आला तर बरं. बद्द आवाज आला तर आत कूज आहे. हे काठीचं तिसरं काम. वाशाखाली पिठासारखी पिवळट भुकटी पडली असेल तर भुंग्याने पोखरलं आहे. लांबीला गेलेली चीर बोटाचं नख आत जाईल इतकी रुंद असेल तर त्या वाशावर भरवसा ठेवू नका. खिळा मारलेल्या जागा खास पाहा. बांबू खिळ्यापाशी हमखास चिरतो, म्हणून जाणते लोक खिळा न मारता बांधतात.

शेवटी बांध. सुंभ, नायलॉनची दोरी किंवा तार, काहीही असो, हाताने हलवून पाहा. ओल्या बांबूवर घट्ट मारलेला बांध बांबू सुकून आक्रसला की सैल होतो. दिसायला तो तसाच राहतो, हात लावल्याशिवाय कळत नाही. मी एकदा कठड्याचा बांध नुसता दोन बोटांनी ढकलला, तर तो बांगडीसारखा वाशावरून सरकत खाली गेला. त्या कठड्याला धरून आमच्या आधीचा गट पलीकडे गेला होता.

तपासा : पाण्याची खूण स्थिर. टोकं दगडावर. वाशांचा आवाज ठणठणीत. बांध पक्के. वरच्या कामट्यांवर शेवाळ नाही. पाचपैकी एका गोष्टीचीही शंका आली तर साकव अलीकडूनच पाहायचा. फोटो अलीकडूनही सुंदर येतो. खरं तर अलीकडूनच येतो, कारण मग पूर्ण साकव चौकटीत बसतो.

लोखंडी किंवा सिमेंटचा साकव असला म्हणून ही दहा मिनिटं वाचवू नका. १५ जून २०२५ ला, रविवारी, मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा जीव गेला. पुलावर पर्यटकांची दाटी होती. रस्त्याच्या पुलांवर पायी चालणाऱ्यांसाठी आखणी करताना चौरस मीटरला ४०० किलो, आणि गर्दीची जागा असेल तर ५०० किलो भार धरतात. पाड्यावरच्या लोकांनी बांधलेल्या साकवाचं असं गणित कुणी केलेलं नसतं. तो डोक्यावर भारा घेतलेल्या एका माणसासाठी, फार तर दोघांसाठी बांधलेला असतो. लोखंडी साकवाच्या टोकाची गंजलेली पट्टी, तळाला पडलेली भोकं, निघालेले नट-बोल्ट पाहा. ‘पूल धोकादायक’ अशी पाटी असेल तर तिथेच थांबा. ती पाटी कुणीतरी तपासून लावलेली असते.

टप्पा ६ : ओलांडणं

१. सगळ्यात अनुभवी माणूस पहिला जातो. वजनदार माणूस पहिला, म्हणजे ‘चाचणी होईल’, हा उलटा विचार आहे. पहिल्याचं काम वजन टाकून पाहणं नाही, पाऊल कुठे टाकायचं ते मागच्यांना दाखवणं आहे.

२. साकवावर एका वेळी एकच माणूस. दुसऱ्याने तेव्हाच पाऊल ठेवायचं जेव्हा पहिल्याचे दोन्ही पाय पलीकडच्या जमिनीवर टेकून तो बाजूला झाला असेल आणि त्याने ‘या’ म्हटलं असेल. ‘आलो’ ही हाक पुरेशी नाही.

३. पाठीवरच्या पिशवीचा छातीवरचा आणि कमरेचा पट्टा सोडा. पडलात तर पिशवी काढून टाकता आली पाहिजे.

४. पाऊल जिथे खाली आडवा आधार बांधला आहे तिथे, मुख्य वाशांच्या वर टाका. दोन आधारांच्या मध्ये, नुसत्या कामटीवर नको. पाय किंचित तिरका ठेवा, म्हणजे तळवा एका बांबूवर न राहता दोघांवर टेकतो.

५. कठडा तोल सावरायला असतो, भार टाकायला नाही. हात त्यावर फिरवत न्या, मूठ आवळून ओढू नका.

६. नजर चार-पाच पावलं पुढे. वाहत्या पाण्याकडे पाहिलं की साकवच उलट्या दिशेला सरकल्यासारखा वाटतो आणि गुडघे लटपटतात. तसं झालं तर थांबा, पलीकडच्या काठावरच्या एखाद्या दगडाकडे पाहा, दोन श्वास घ्या, मग चला.

७. साकव हलायला लागला तर पावलं लहान आणि सावकाश. पळून संपवायचा प्रयत्न केला की झोके वाढतात.

इशारा : मध्यावर सेल्फी नाही, उड्या नाहीत, हलवून दुसऱ्याला घाबरवणं नाही. गटातल्या मोठ्यांनी हे निघतानाच मुलांना सांगावं. साकवावर ओरडून सांगितलं तर मूल दचकून मागे वळतं.

लहान मुलांचं वेगळं सांगायला हवं. दोन्ही बाजूंना धड कठडा नसेल तर सहा वर्षांखालच्या मुलाला बांबूच्या साकवावरून नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खांद्यावर बसवून तर कधीच नाही. त्याने दोघांचाही तोल उंच जातो. थोड्या मोठ्या मुलांच्या बाबतीत, एक मोठा माणूस पलीकडे, एक अलीकडे, आणि मूल एकटं सावकाश. आजी-आजोबांना गुडघ्याचा त्रास असेल तर त्यांना अलीकडे, सावलीत, कुणाच्या तरी सोबतीने बसवा. ‘एवढ्या लांब आलो’ हे कारण पुरेसं नाही.

टप्पा ७ : पलीकडे गेल्यावर

पलीकडे पोचल्यावर पहिलं काम, तिथेही पाण्याच्या रेषेवर एक खूण ठेवा आणि घड्याळ पाहा. पलीकडचा मुक्काम अर्ध्या तासाच्या वर नको. या काळात दर दहा मिनिटांनी एकाने उठून खूण पाहून यायचं. हे काम कुणाचं, ते नाव घेऊन ठरवा. ‘लक्ष ठेवा रे’ म्हटलं की कुणीच ठेवत नाही.

हे मी शिकले ते फजिती होऊन. एका सप्टेंबरच्या शनिवारी आम्ही आठ जण असेच पलीकडे जाऊन बसलो होतो. जाताना पाणी घोट्याएवढं, नितळ. आकाश निरभ्र, फक्त वरच्या डोंगरावर काळसर ढग होते, ते कुणी मनावर घेतले नाहीत. थालीपिठं झाली, गाणी झाली. तासाभराने उठलो तेव्हा ओढा चहाच्या रंगाचा झाला होता आणि साकवाच्या मधल्या वाशाला पाणी टेकलं होतं. आमच्यातल्या एकाला दुपारी गाडी पकडायची होती, तो बूट काढून निघालाच. तेवढ्यात शेळ्या घेऊन आलेले पाड्यावरचे एक काका अलीकडच्या काठावरून ओरडले, “ओ दादा, पाय नका घालू! बसा तिथंच. उतरल पानी.”

अडीच तास बसलो. पाणी उतरल्यावर काका आधी आले, त्यांनी साकवाचं अलीकडचं टोक दाखवलं. एक मुख्य वासा दगडावरून वीतभर सरकून अर्धा हवेत होता. त्यांनी तो पहारीने परत बसवला, पाचर मारली आणि मग आम्हाला एकेक करून आणलं. आमच्याकडे पाणी संपलं होतं, खाणं संपलं होतं, फोनला रेंज नव्हती, आणि घरी कुणालाही वाट सांगितलेली नव्हती. वरच्या टप्प्यांतल्या निम्म्या सूचना त्या अडीच तासांतून आल्या आहेत.

पलीकडे अडकलात तर उंच जागी जा, बेटांपासून आणि काठापासून दूर. पाणी जसं भरकन चढतं तसं पाऊस थांबल्यावर उतरतंही. वाट पाहणं हेच काम आहे. दोरी बांधून, हातांची साखळी करून ओढा ओलांडण्याचे प्रयोग करू नका. साखळीतला एक घसरला की सगळे जातात.

टप्पा ८ : परतताना

परतीच्या वेळी साकव पुन्हा तपासायचा, नव्याने. जाताना पक्का असलेला बांध तुमच्याच वजनाने सैल झालेला असू शकतो. पुन्हा तोच क्रम, पुन्हा एकेक जण. अपघात जास्त करून परतताना होतात, कारण पाय दमलेले असतात, भूक लागलेली असते आणि ‘आत्ताच तर आलो याच्यावरून’ ही बेफिकिरी असते. साकवावर चढण्याआधी पाच मिनिटं बसा, पाणी प्या, बुटाच्या तळाला चिकटलेला चिखल काठीने खरवडून काढा. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, ओल्या बांबूवर चिखलाचा तळवा म्हणजे साबण.

अलीकडे आल्यावर माणसं मोजा. चेकनाक्यावर नोंद केली असेल तर बाहेर पडल्याचीही करा. घरी फोन करा. रात्री आंघोळीच्या वेळी काखेत, गुडघ्यामागे गोचीड आहे का पाहा.

साकवात काही मोडकं दिसलं असेल तर ते चेकनाक्यावर किंवा पाड्यावर सांगून या. तुम्ही सुट्टीचे आलात, पाड्यावरची मुलं रोज त्यावरून शाळेत जातात.

काही झालंच तर

कुणी पाण्यात पडलं तर मागोमाग उडी मारू नका. काठाने खालच्या बाजूला पुढे जा आणि काठी, ओढणी, जे असेल ते पुढे करा. देताना स्वतः जमिनीवर आडवे पडा, नाहीतर तुम्हीही ओढले जाल.

साप चावला तर अंगठी, घड्याळ, बांगड्या लगेच काढा, कारण सूज चढते. चावलेला हात-पाय हलणार नाही असा ठेवा. घट्ट दोरी बांधणं, चिरा देणं, तोंडाने ओढणं, यातलं काहीही करू नका. साप पकडायच्या-मारायच्या मागे लागू नका, जमलं तर लांबून फोटो घ्या. आपल्याकडची सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालते, चापड्याच्या विषावर ती बनवलेली नाही. त्यामुळे कोणता साप ते डॉक्टरांना कळलं तर उपचार योग्य दिशेने होतात. चापड्याच्या विषाने सहसा जीव जात नाही, पण वेदना आणि सूज भयंकर असते, आणि ‘हिरवा होता म्हणजे चापडाच’ हे ठरवणं आपलं काम नाही. थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. ठाण्यात असाल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे.

रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस आणि इतर तातडीसाठी ११२, वनविभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन १९२६. हे तीन आकडे फोनमध्ये असतीलच, तरी एका कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. फोन भिजतो, डबा भिजत नाही.